झाकलेली वाट

डोळे मिटा. मिटले? आता एक कान भिंतीला लावा, अगदी गार लागेपर्यंत. ही भिंत नुकतीच खरवडलेली आहे, त्यामुळे कानाला जरा टोचेल. टोचू दे. श्वास हळू घ्या आणि ऐका. काही ऐकू येतंय?

खुंटीलाही काही ऐकू येत नव्हतं. तरी ती ऐकत होती. जेवणं होऊन गेल्यावरची ती वेळ होती, घर अर्धवट झोपेत होतं, आणि खोलीच्या मधोमध सगळं सामान जुन्या चादरींखाली एकमेकांना टेकून उभं होतं, एखादा मोठा प्राणी बसल्या बसल्या पेंगावा तसं. खिडकीशी आजोबा रंधा मारत होते. सर्र... सर्र... लाकडाची पातळ साल वळत वळत खाली पडत होती आणि तिच्यातून उडालेला भुसा उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहत होता. खाली यायची त्याला काही घाई नव्हती.

"काय म्हणतायत?" रंधा न थांबवता आजोबांनी विचारलं.

"जेवतायत."

"काय जेवतायत?"

"आपली खिडकी."

"जुनी खाल्ली तेवढी पुरे म्हणावं. ही नवी कडू आहे. तोंड वाकडं होईल."

खुंटीला हसू आलं, पण तिनं कान काढला नाही. वाळवीला तोंड असतं हे तिला माहीत होतं. डोळे नसतात, हेही आजोबांनीच सांगितलं होतं. भिंतीच्या आत एक अख्खं गाव आहे, त्या गावात दिवा नाही, कुणाला दिव्याची गरजही नाही, आणि सगळे एकामागून एक, पुढच्याच्या पाठीला मिशी लावून चालले आहेत, असं ती डोळे मिटून बघत असे. बघता बघता तिला झोप लागे आणि मग ती स्वतःही त्या रांगेत असे. पुढे कोण आहे ते दिसत नसे, पण कुणीतरी आहे एवढं नक्की कळे.

खुंटी हे नाव आजोबांनीच पाडलेलं. दोन फळ्या खिळा न मारता जोडायच्या तर मध्ये लाकडाची एक बारकी खुंटी लागते. ती बाहेरून दिसत नाही, पण तिच्याशिवाय फळ्या धरत नाहीत. "आमची ही तेवढीच आहे उंचीनं," असं म्हणून त्यांनी तिला हाक मारली आणि मग घरात तेच नाव राहिलं.

हे घर आई-बाबांनी घेतलं तेव्हा बाहेरून कसं अगदी छान होतं. खिडकीच्या चौकटीला पांढराशुभ्र रंग होता. राहायला आल्यावर बाबांनी खिडकी उघडायला म्हणून चौकटीवर अंगठा दाबला, तर अंगठा थेट आत गेला. आत लाकूड नव्हतंच. वाळवीनं ते कधीच खाऊन टाकलं होतं आणि चौकट म्हणून नुसता रंग उभा होता. बाबा कितीतरी वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्या अंगठ्यावर एक आडवी, पांढुरकी खूण होती, फार जुनी. खुंटीला ताप आला की बाबा त्याच अंगठ्यानं तिचं कपाळ चोळत, आणि ती खूण तिला डोळे मिटूनही ओळखू येई.

"चला," आई म्हणाली होती, "रंगाच्या भरवशावर घर घेतलं आपण."

मग आजोबांना फोन आईनंच केला. बाबांनी केला नाही. आजोबा दूरच्या गावी थोरल्या काकांकडे राहत, कारण त्यांचं सुतारकामाचं दुकान तिथे होतं. बसनं दिवसभराचा प्रवास करून ते आले, ते हत्यारांची जड पिशवी घेऊनच. उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी त्यांनी चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरंच काम आहे. बरं झालं."

त्यांचा एक नियम होता. लाकूड आहे तोवर सुतार आहे. लाकूड संपलं की सुतारानं पिशवी उचलावी, मग घर परक्याचं असो की पोटच्या पोराचं. काम नसताना कुणाच्या घरी बसून राहणं त्यांना जमत नसे. "बिनकामाचा सुतार म्हणजे नुसतं खोलीतलं सामान," ते म्हणत. "येता-जाता पायाला लागतं."

दारं झाली. माळ्याची फळी झाली. आता ही शेवटची खिडकी, आणि तिचीही ही शेवटची पट्टी. खुंटीनं डोळे उघडून पाहिलं. कालपासून आजोबा या एकाच पट्टीला रंधा मारत होते. पट्टी केव्हाची गुळगुळीत झाली होती. तरी सर्र... सर्र... चाललंच होतं.

दारात बाबा आले. कचेरीला आज सुट्टी होती. आजोबा त्यांच्यापासून चार पावलांवर होते.

"खुंटे, आजोबांना विचार, चहा घेणार का."

"आजोबा, चहा घेणार का?"

"सांग त्याला, अर्धा कप."

"बाबा, अर्धा कप."

आतून आई म्हणाली, "अर्ध्या कपाला एवढा फेरा! तुमच्या घराण्यात कुणी कुणाशी सरळ बोललं तर आभाळ पडेल बहुतेक. पोरीचा दोरीच्या फोनमधला डबा करून ठेवलाय दोघांनी."

खुंटीला डबा असणं आवडत असे. तिला वाटे, आपण नसतो तर ह्यांचा चहा थंडच झाला असता. भांडण असं काही नव्हतं. भांडण असतं तर ते मिटलं तरी असतं. बाबा लहान असताना दुकानात लाकूड कोरायची पटाशी घेऊन काहीतरी करायला गेले आणि अंगठा कापून घेतला. आजोबांनी पटाशी काढून घेतली आणि म्हणाले, "हे तुझं काम नाही." एवढंच झालं होतं. पण त्यानंतर बाबांनी कुठल्याच हत्याराला हात लावला नाही, आणि आजोबांनीही पुन्हा कधी दिलं नाही. आता बाबांनी हातोडी उचलली की आजोबा खुंटीमार्फत निरोप पाठवत, "सांग त्याला, खिळा भिंतीत मारायचा असतो. बोटात नाही."

*

वाळवीवाले काका आले ते त्याच संध्याकाळी. उंच, सावकाश बोलणारे, पाठीवर औषधाची टाकी. त्यांनी सगळ्या भिंतींच्या तळाशी औषध आधीच सोडलं होतं. आता ते नुसते बघायला आले होते. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून माळ्याच्या फळीपर्यंत, मातीची एक तपकिरी रेघ चढत गेली होती. पेन्सिलीएवढी जाड, नदीसारखी वळणावळणाची. घरभरच्या रेघा पुसल्या होत्या, पण ही मुद्दाम ठेवली होती.

काकांनी खिशातून चपटी पट्टी काढली आणि रेघेचा जमिनीपासून हातभर वरचा, वीतभर तुकडा खरवडून टाकला. रेघ तुटली. वर नदी, खाली नदी, मध्ये उघडी भिंत.

"ही त्यांची वाट," ते खुंटीला म्हणाले. "उजेड सोसत नाही ना त्यांना. मग जायचं तिथवर मातीचं छप्पर घालत जातात आणि त्याच्या आतून चालतात. आत कुणी जिवंत असेल, तर हा तुकडा परत भरून निघेल. मग पुन्हा औषध, पुन्हा थोडं लाकूड उकरून बघणं. आणि नाहीच भरला, तर झालं. खुशाल रंग लावा."

"किती दिवस बघायचं?" आईनं विचारलं.

"दोन-चार दिवस. मी येतो."

"नाहीच भरला तर माझंही काम झालं," आजोबा भिंतीकडे बघत म्हणाले. "मग मिळेल ती बस धरीन."

बाबा काहीतरी बोलणार होते. त्यांनी तोंड उघडलं, मग खुंटीकडे पाहिलं, मग चहाचे कप उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या खुंटी भिंतीकडे धावली. मोकळी. त्याच्या पुढच्या सकाळीही मोकळीच. ती गुडघ्यांवर बसून त्या उघड्या तुकड्याकडे बघत राहिली. तिनं कान लावला. मग तोंड लावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "या ना. कुणी नाहीये इथे. मी डोळे मिटते."

तिनं डोळे मिटले. बराच वेळ. उघडले तर भिंत तशीच होती.

आता काय केलं असतं तुम्ही? खुंटीनं केलं ते सांगतो. ती मागच्या दारी गेली, कुंडीतली चिमूट चिमूट माती वाटीत घेतली, थोडं पाणी घातलं, आणि जीभ दातांत धरून खालच्या नदीपासून वरच्या नदीपर्यंत माती थापली. मग वाटी धुतली, हात धुतले, आणि दिवसभर कुणी न विचारता सगळ्यांना सांगत राहिली की मी आज मागच्या दारी गेलेच नव्हते.

संध्याकाळी काका आले. रेघ भरलेली बघून त्यांनी भुवया उंचावल्या. खाली बसले. नखानं एक तुकडा अलगद काढला, तळहातावर घेतला आणि दोन बोटांत चुरडला.

"हं," ते म्हणाले.

खुंटी आईच्या मागे गेली. चोराच्या मनात चांदणं.

"ही वाळवी जरा नवशिकी दिसते," काका गंभीरपणे म्हणाले. "बघ इकडे. घाबरू नकोस. बघ, हे सगळं भरीव आहे. मातीचा नुसता वरवंटा. यातून चालायचं कुठून? खरी वाळवी आधी आतली वाट राखते, मग वरचं छप्पर घालते. आत पोकळी असते, बोरूसारखी. हात लावला तर चटकन फुटते, इतकी पातळ. जाणाऱ्याला जागा नसेल तर वाट बांधून काय उपयोग, नाही का?"

खुंटीनं मान हलवली. तिचे कान तापले होते. कुणी रागावलं नाही, हे रागावण्यापेक्षा कठीण होतं. आजोबा खिडकीशी पाठमोरे उभे होते आणि त्यांचे खांदे किंचित हलत होते, हसण्यानं की कशानं ते कळत नव्हतं. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. तेही ऐकत होते. कचेरीतला मोठा नकाशा बघावा तसे ते त्या तुटक्या रेघेकडे एकटक बघत होते.

काकांनी तुकडा पुन्हा पुसून साफ केला. "उद्या सकाळी रंगवाल्याला सांगण्याआधी एकदा शेवटचं बघा. मोकळं असेल तर मला बोलवूही नका."

आजोबांनी शेवटची पट्टी बसवली. खिडकी उघडून-मिटून पाहिली. ती आवाज न करता मिटली, पापणी मिटावी तशी. मग त्यांनी पटाश्या एकेक करून फडक्यात गुंडाळल्या, रंधा पुसला आणि सगळं पिशवीत भरलं. पिशवी दाराशी नेऊन ठेवली.

"बाबा," खुंटी म्हणाली, "आजोबांना सांगू का?"

"काय?"

"काय ते तुम्ही सांगा. मी नेते."

बाबांनी तिच्या कपाळावरून अंगठा फिरवला. ताप नसतानाही. "झोप आता," ते म्हणाले.

*

सकाळी तिला जाग आली ती आईच्या आवाजानं.

"माझी विणायची एक सुई कुठे गेली? काल दोन्ही होत्या लोकरीत. एका सुईनं काय मी नुसती लोकर टोचत बसू?"

बाबा मोरीत हात धूत होते. फार वेळ धूत होते. कचेरीला जायच्या आधी कुणी इतका वेळ नखं घासत नाही.

खुंटीला भिंतीकडे जावंसं वाटत नव्हतं. तरी पाय गेले. नव्या खिडकीतून कोवळं ऊन आत आलं होतं आणि चादरीखालच्या सामानावरून घरंगळत भिंतीपर्यंत पोचलं होतं. ती बसली. वर बघितलं. मग खाली बघितलं. मग नुसती बघतच राहिली.

नदी सलग झाली होती.

ही तिनं केलेली नव्हती. तिची नदी जाडीभरडी होती. ही मात्र बारीक होती, सारख्या जाडीची, वळण जिथे तुटलं होतं तिथूनच अचूक पुढे गेलेलं. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते कळतही नव्हतं, फक्त नवी माती अजून ओलसर होती म्हणून जराशी काळी. तिनं करंगळीचं नख कडेला लावलं. चट्‌कन एक कपची निघाली. आत पोकळ! आत गोल, गुळगुळीत, काळोखी वाट होती. जाणाऱ्याला जागा होती.

"आल्या," ती कुजबुजली. "खरंच आल्या."

तिनं आणखी जवळ तोंड नेलं. आणि मग, वरच्या नदीला नवी माती मिळाली होती तिथे, ती घट्ट बसावी म्हणून कुणीतरी हलकेच दाबलं होतं, ते तिला दिसलं. एक मोठा, लांबट ठसा. त्यात बारीक बारीक रेषा, पाण्यावरच्या वलयांसारख्या. आणि त्या सगळ्या रेषा कापत गेलेली एक आडवी खूण.

खुंटी ते बघत राहिली. तिनं हात उचलला आणि आपल्या कपाळाला लावला. मग खाली घेतला.

मागे पावलं वाजली. आजोबा आले होते. प्रवासाचा धुतलेला सदरा घातला होता, पायांत चपला. ठसा पुसून टाकावा का, असं खुंटीच्या मनात येऊन गेलं, पण तेवढ्यात ते तिच्याशेजारी गुडघे मोडून बसलेही.

"काय गं, बघितलंस?"

खुंटीनं नुसतं बोट दाखवलं.

आजोबांनी खिशातून चष्मा काढला, फुंकर मारून पुसला, चढवला. त्यांनी रेघेला स्पर्श केला, ते लाकडाला करत तसा, बोटाच्या टोकानं, खालून वर. बोट सावकाश चढत गेलं. वळणावर वळलं. फुटलेल्या कपचीपाशी जरा थांबलं, आतली पोकळी पाहिली, पुढे गेलं. आणि वरच्या जोडापाशी आलं तेव्हा थांबलं ते थांबलंच.

भुशाचा एक कण उन्हातून जात होता.

आजोबांनी बोट उचललं नाही. त्या आडव्या खुणेवरून ते एकदा इकडून तिकडे गेलं, एकदा तिकडून इकडे. दुखऱ्या जागेवरून फिरवावं तसं. मग त्यांनी चष्मा काढला, आणि तो पुन्हा पुसायला घेतला. तो काही मळलेला नव्हता.

"जोड बघितलास?" ते खुंटीला म्हणाले, पण आवाज तिच्यापेक्षा लांब कुणालातरी ऐकू जावा इतका मोठा होता. "कुठे सांधलंय ते कळत नाही. असा जोड मला शिकायला किती वर्षं लागली! हात चांगला आहे. उगाच कुणीतरी हत्यार काढून घेतलं असणार."

दारात काहीतरी हललं. बाबा तिथे उभे होते. ओले हात तसेच, रुमाल खांद्यावर, पुसायचे विसरलेले.

"मग?" आईनं आतून विचारलं. "रंगवाल्याला सांगू की नको? काय निघालं?"

"कीड आहे अजून," आजोबा म्हणाले. "जिवंत आहे. उकरून बघावं लागेल. घाईचं काम नाही हे." ते उठले, भिंतीचा आधार घेत. दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे त्यांनी पाहिलं, पण ते तिच्याकडे गेले नाहीत, खिडकीशी जाऊन उभे राहिले. "एकट्यानं व्हायचं नाही पण. पटाशी धरायला कुणीतरी लागेल."

बाबांनी घसा साफ केला. एकदा. मग पुन्हा एकदा. चार पावलांवर आजोबांची पाठ होती.

"खुंटे," ते म्हणाले, "आजोबांना सांग..."

आता पुन्हा जरा डोळे मिटा, कारण खुंटीनंही मिटले. तिनं घाईघाईनं तोंड फिरवलं, एक कान भिंतीला घट्ट चिकटवला आणि दुसऱ्यावर हात दाबून धरला.

"खुंटे, अगं, ऐकलंस का? सांग ना त्यांना..."

भिंत गार होती. आत सगळं निजलेलं होतं. खुंटी पापण्या आवळून बसून राहिली आणि काही केल्या तिनं डोळे उघडले नाहीत.